पोलादाआधी प्लास्टिक

चिंचणी, वरोर, तारापूर ही आमच्या पालघरच्या किनाऱ्यावरची डायमेकिंगची गावं. घरातल्याच एखाद्या खोलीत उजेडाकडे तोंड करून कारागीर बसतो आणि पोलादाच्या ठोकळ्यावर छिन्नीने दागिन्याची नक्षी उलटी कोरतो. हीच डाय. तिच्यावर पत्रा दाबला की नक्षी सुलट उमटते. मी इथल्या अभियांत्रिकीच्या मुलांना थ्रीडी प्रिंटिंग शिकवतो, आणि माझं ठाम मत आहे की हे यंत्र समजून घ्यायचं तर आधी डायमेकरशेजारी बसावं. छिन्नीने निघालेलं पोलाद परत जागेवर बसत नाही. डायला पाणी दिल्यावर, म्हणजे ती तापवून कडक केल्यावर, तर दुरुस्तीचा मार्ग जवळजवळ बंदच होतो. म्हणून कोरण्याआधी आकाराची खात्री करून घेण्याची किंमत त्याला पुरेपूर ठाऊक असते. रॅपिड प्रोटोटायपिंगचा, म्हणजे झटपट नमुना बनवण्याच्या तंत्राचा, जन्म नेमका याच गरजेतून झाला.

अमेरिकेत चक हल यांनी १९८४ साली अशा यंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९८६ साली ते त्यांना मिळालं. त्यांच्या यंत्रात द्रवरूप रेझिनवर अतिनील किरण पडत आणि एकेक थर घट्ट होत जाई. प्लास्टिकची तार वितळवून थरावर थर घालण्याची पद्धत स्कॉट क्रंप यांची. तिचं मूळ पेटंट २००९ साली संपलं. त्याआधीच, २००५ साली, इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात एड्रियन बोयर यांनी रेपरॅप प्रकल्प सुरू केला होता. यंत्राचे आराखडे सगळ्यांना खुले. आज आमच्यासारख्या कॉलेजांना प्रिंटर परवडतो तो या दोन घटनांमुळे.

प्रयोगशाळेत मी पहिल्यांदा एक हूक छापायला लावतो. एकच फाइल, पण एक हूक उभा छापायचा आणि एक बेडवर आडवा. दोन्हींना वजन टांगलं की उभा छापलेला दोन थरांच्या सांध्यातून कट्कन तुटतो, सुरीने कापल्यासारखा सपाट. आडवा त्याहून कितीतरी जास्त भार पेलतो, कारण ताण थरांच्या लांबीने जातो. तुटलेला तुकडा हातात आला की मुलं पुढच्या वेळी स्लायसरमध्ये, म्हणजे फाइलचे थर पाडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, जॉब कसा ठेवायचा याचा आपणहून विचार करू लागतात.

दुसरा धडा आमच्या हवेचा. फिलामेंट, म्हणजे प्रिंटरची प्लास्टिकची तार, ओलावा शोषतं आणि समुद्राकाठच्या जुलैत ते फार लवकर भिजतं. मग दोनशे अंशांच्या आसपास तापलेल्या नोझलमधून चरचर, तडतड असा आवाज येतो, आतल्या पाण्याची वाफ होते आणि जॉबवर कोळिष्टकांसारखे धागे लोंबू लागतात. सिलिका जेल घातलेला हवाबंद डबा आणि रीळ पंचेचाळीस-पन्नास अंशांवर काही तास सुकवणं, एवढं सांभाळलं तर पावसाळ्यातही काम नीट होतं. नवा प्रिंटर घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजने हा डबा यंत्राबरोबरच घ्यावा.

तारापूर औद्योगिक वसाहतीलगतच्या पाम, कुंभवली, सालवडसारख्या गावांतल्या मुलांसाठी कारखाना ही नवलाई नाही. त्यांना मी ओतकामाचं पॅटर्न, म्हणजे साचा पाडण्याचा नमुना, करायला देतो. ओतलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून बिडासाठी सुमारे एक टक्का आणि अॅल्युमिनियमसाठी त्याहून थोडं अधिक माप वाढवून पॅटर्न करावं लागतं. लाकडी पॅटर्नला कुशल सुतार आणि बरेच दिवस लागतात. लहान पॅटर्न प्रिंटरवर रातोरात निघतं. मात्र छापलेला पीएलए प्लास्टिकचा भाग थेट यंत्रात बसवण्याचा मोह टाळायलाच हवा. साठ अंशांच्या आसपास तो मऊ पडतो.

डायच्या नक्षीला तारेचा प्रिंटर पुरत नाही. ०.४ मिलीमीटरच्या नोझलमधून मोत्याच्या दाण्याएवढी कळी रेखीव येणार कशी? तिथे रेझिनचा प्रिंटर हवा. त्याचा थर ०.०५ मिलीमीटर किंवा त्याहूनही पातळ ठेवता येतो. त्यातून निघालेला नमुना पोलादाची जागा घेणार नाही, पत्रा दाबण्याचं बळ त्यात नाही. पण गिऱ्हाइकाला तो हातात देता येतो, पाकळीची खोली बोटाने तपासता येते आणि मग छिन्नी उचलता येते. सीएनसी यंत्रांमुळे हातकाम आधीच कोंडीत सापडलंय. कारागिराची नजर आणि नवं साधन एकत्र आली तर हा धंदा टिकायला मदत होईल, असं मला मनापासून वाटतं.

हे नुसतं स्वप्नरंजन नाही. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी उभारलेल्या विज्ञान आश्रमात २००२ सालीच फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या मदतीने वस्तू घडवण्याची कार्यशाळा, आली; अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरच्या सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी ती एक. पाबळसारख्या गावात हे त्या काळी होऊ शकलं, तर पालघर-बोईसरच्या कॉलेजांना आज काय अवघड आहे? प्रात्यक्षिकं आटोपली की आमचे प्रिंटर दुसऱ्या दिवसापर्यंत झाकून ठेवलेले असतात. आठवड्यातली एक संध्याकाळ डायमेकरांसाठी ठेवावी, रेझिनचा खर्च त्यांनी द्यावा, यंत्राचा वेळ कॉलेजने द्यावा, आणि शेजारी तिसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी असावा. फाइल तो करील. पाकळी किती खोल हवी, हे कारागीर सांगेल.