पंगती कापू नका

राजापेठेतल्या माझ्या दुकानात लग्नाची कॅसेट सीडी-डीव्हीडीवर करून घ्यायला जो येतो, तो बहुतेक एकच फर्मान सोडतो : "भाऊ, लगन तेवढं ठेवा. जेवनाच्या पंगती काहाले पाह्यजे?" मी हो म्हणतो आणि काहीच कापत नाही.

कारण सांगतो. जेव्हीसीने व्हीएचएस कॅसेट आणली 1976 मध्ये. आपल्याकडे 1982 च्या आशियाई स्पर्धांच्या वेळी रंगीत टीव्ही आला, मागोमाग व्हीसीआर आला आणि लग्नात शूटिंगवाला दिसू लागला. तो नंतर 'मिक्सिंग' करून द्यायचा. बदामाच्या आकारात नवरा-नवरी, कोपऱ्यातून उडत येणारं नाव आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सिनेमाची गाणी. या गाण्यांखाली मांडवातला सगळा आवाज गडप झाला. भटजींची मंगलाष्टकंही ऐकू येत नाहीत. म्हणून मी आधी विचारतो, मिक्सिंग न केलेली, मूळ शूटिंगची कॅसेट घरात आहे का? ती सापडली, तर पंगतीत "अबे, कढी ओत ना बाप्पा" म्हणून ओरडणारे आजोबा सापडतात. मोबाइल येण्याआधी गेलेल्या माणसाचा आवाज पुष्कळ घरांत दुसरीकडे कुठेच नसतो. विधींच्या वेळी तर सगळे कॅमेऱ्याकडे बघून गप्प उभे असतात. बोलतात ते जेवताना.

आता फितीची तब्येत. आपल्या भागात लोक उन्हाला दोष देतात, मला कूलर जास्त घातक वाटतो. टीव्हीखालच्या शोकेसमध्ये कॅसेटी आणि समोर चार महिने ओली हवा फेकणारा कूलर! फितीवरची लोह-ऑक्साइडची भुकटी ज्या लेपाने धरून ठेवलेली असते, तो ओल शोषून चिकट होतो. वर बुरशी चढते. कॅसेटच्या खिडकीतून पाहिलं, तर गुंडाळीवर पांढुरकी नक्षी दिसते. अशी कॅसेट मशीनमध्ये टाकली की बुरशी हेडवर बसते आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या कॅसेटलाही लागते. म्हणून आधी मागचे पाच स्क्रू काढून, फीत हळूहळू पुसून, दोन्ही चकत्या दुसऱ्या स्वच्छ खोक्यात बसवायच्या. तुटलेल्या फितीला घरचा सेलोटेप लावून आणतात, त्याचा मला खरोखर राग येतो. त्याचा गोंद पाझरून थेट हेडला चिकटतो.

आणि हेड म्हणजे फार नाजूक प्रकरण. व्हीसीआरमधला ड्रम मिनिटाला 1500 फेरे घेतो. त्यावरची दोन हेडं अर्धा इंच रुंद फितीवरून तिरकी जातात आणि सेकंदाला 50 रेघा वाचतात. एक रेघ म्हणजे अर्धं चित्र. फीत जराशी ताणलेली असली, की वाचण्याची वेळ चुकते आणि पडद्याच्या वरच्या भागात माणसांची डोकी वाकडी होतात. त्यासाठी टाइम बेस करेक्टर मध्ये जोडावा लागतो. घाई इथे चालत नाही. तीन तासांची कॅसेट तीन तासच घेते. त्यात नवे व्हीसीआर मिळत नाहीत. फुनाई या शेवटच्या जपानी कंपनीने 2016 च्या जुलैत उत्पादन थांबवलं. आम्ही भंगारातली मशीनं घेऊन रोलर आणि पट्टे काढतो, तेही उन्हाने कडक झालेले.

डिस्कचा हट्ट मात्र धरू नये. 4.7 जीबीच्या डीव्हीडीत दोन तास नीट बसतात. तीन तास कोंबले तर चेहऱ्यांचे चौकोन होतात. शिवाय रेकॉर्ड केलेल्या डिस्कचा रंगथरही उतरतो आणि नव्या लॅपटॉपला ती घालायला जागाच नसते. मी मूळ फाइल हार्डडिस्कवर देतो, हवी असेल तर डिस्क वेगळी. कॅसेटही परत देतो, फेकायला नाही, ठेवायला.

आणायच्या आधी "चालते का" म्हणून शेजाऱ्याच्या जुन्या व्हीसीआरमध्ये घालून पाहू नका. गुंतलेली फीत बाहेर ओढून काढण्यात लग्नाची पहिली दहा मिनिटं जातात. लेबलवर 'कोरी' लिहिलेल्या कॅसेटीही सोबत आणा. त्यांत बऱ्याचदा बारसं निघतं.