कार्डामागचा पैसा

पुण्यातल्या गरीब माणसाच्या उपचाराचा पैसा किमान पाच तिजोऱ्यांतून येतो. केंद्र, राज्य, महापालिका, धर्मादाय रुग्णालयं आणि कामगार विमा. आरोग्याच्या अर्थकारणाचा अभ्यास करताना मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट ही, की यातली कुठली तिजोरी उघडेल हे रुग्णाचा आजार ठरवत नाही. ते ठरतं रेशनकार्डावरून, उत्पन्नाच्या दाखल्यावरून, पत्त्यावरून आणि नातेवाइकांनी रिक्षा कोणत्या रुग्णालयाच्या दाराशी नेली यावरून.

राज्यापासून सुरुवात करू. २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. त्या आठांत पुणे नव्हतं. नोव्हेंबर २०१३ मध्ये योजना राज्यभर गेली तेव्हा ती इथे आली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. पिवळं किंवा केशरी कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे ठरावीक उपचार, आणि प्रत्येक कुटुंबामागचा हप्ता विमा कंपनीकडे भरायचा तो राज्य सरकारने. २३ सप्टेंबर २०१८ ला केंद्राची पंतप्रधान जन आरोग्य योजना पाच लाखांचं संरक्षण घेऊन आली आणि १ एप्रिल २०२० पासून महाराष्ट्रात दोन्ही एकत्र चालू लागल्या. त्या जोडणीत दीड लाखापर्यंतचा खर्च विमा कंपनीचा आणि केंद्राच्या लाभार्थ्यांसाठी त्यावरचा, पाच लाखांपर्यंतचा, राज्य आरोग्य हमी सोसायटीचा, म्हणजे थेट सरकारी पैशाचा. जुलै २०२४ पासून कार्डाच्या रंगाची अट गेली आणि पाच लाखांची मर्यादा सगळ्यांना लागू झाली. हा निर्णय मोठा आहे, आणि मी त्याच्या बाजूचा आहे.

पण या सगळ्यांसाठीच्या योजनेत केंद्र सगळ्यांसाठी पैसे देत नाही. केंद्र आणि महाराष्ट्र यांचा वाटा ६०:४० आहे. ईशान्येकडच्या आणि हिमालयातल्या राज्यांसाठी तो ९०:१०, तर विधानसभा नसलेल्या लडाख, चंडीगडसारख्या केंद्रशासित प्रदेशांचा सगळा भार केंद्र उचलतं. ऐकायला साठ टक्के भरघोस वाटतात. ते मोजले जातात मुख्यतः २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणनेतल्या कुटुंबांवर. महाराष्ट्रात ती सुमारे ८४ लाख. दर कुटुंबामागे केंद्र किती धरणार, यालाही वरची मर्यादा आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सत्तरी ओलांडलेल्या ज्येष्ठांची भर पडली, तेवढी सोडली तर यादीबाहेरच्या कुटुंबाचा खर्च बहुतांशी राज्याच्या माथी येतो.

पुण्याच्या बाबतीत ही यादी मला विशेष खटकते. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या ३१ लाखांच्या थोडी वर होती. त्यानंतर २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावं पालिकेच्या हद्दीत आली. वाघोली, नऱ्हे, मांजरी ही २०११ मध्ये कागदोपत्री गावं होती, आणि तिथल्या कुटुंबांना ग्रामीण निकष लागले. २०११ नंतर नोकरी सुटून, आजारपणात घर विकून किंवा कर्ता माणूस गेल्यामुळे गरिबीत आलेलं कुटुंब त्या यादीत असणारच कसं?

वरची मर्यादा घातली की काय होतं, याचं जुनं उदाहरण अमेरिकेत आहे. तिथे गरिबांसाठी १९६५ पासून मेडिकेड योजना चालते. राज्यं जितका खर्च करतील त्याचा ठरलेला हिस्सा केंद्र देतं, कमाल आकडा नाही. पण पोर्तो रिको, ग्वाम यांसारख्या पाच प्रदेशांना वर्षाची रक्कम बांधून दिलेली आहे. राज्यांचं सूत्र लावलं असतं तर दारिद्र्यामुळे पोर्तो रिकोला सर्वोच्च हिस्सा, ८३ टक्के, मिळाला असता. कायद्याने मात्र तो आधी ५० आणि नंतर ५५ टक्क्यांवर ठेवला. अलीकडे तो तात्पुरता वाढवून ७६ टक्के केला आहे. रक्कम संपली की पुढचा खर्च स्थानिक सरकारचा. मग दर कमी राहतात आणि डॉक्टर मुख्य भूमीवर निघून जातात.

आपल्याकडे ही गोष्ट रुग्णाला रुग्णालयाच्या काउंटरवर कळते. पुण्यातला जागेचा आणि मनुष्यबळाचा खर्च योजनेच्या दरात निघत नाही, त्यातही दाव्यांचे पैसे उशिरा येतात, असं रुग्णालयं सांगतात. म्हणून काही योजनेबाहेर राहतात, काही निवडक विभागांपुरतीच आत येतात. योजनेचा रुग्णालयातला मदतनीस, म्हणजे आरोग्यमित्र, कागद तपासतो, पूर्वमंजुरीसाठी पाठवतो; खाट मात्र त्याच्या हातात नसते.

उरलेली पोकळी बाकीच्या तिजोऱ्या भरतात. महापालिकेची शहरी गरीब योजना पालिकेच्या स्वतःच्या अंदाजपत्रकातून चालते आणि शासकीय दराने होणाऱ्या बिलाचा निम्मा भाग एका मर्यादेपर्यंत उचलते. देशातल्या फार थोड्या पालिका एवढं करतात. संघटित कामगाराला कामगार विमा आहे. मालकाचे ३.२५ टक्के आणि कामगाराचे ०.७५ टक्के, तेही महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल तरच. धुणीभांडी करणाऱ्या बाईंना तो नाही. सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या ४१ अ-अ कलमाखाली धर्मादाय रुग्णालयांनी एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत ठेवायची असते. दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात. हा पैसा बाकीच्या रुग्णांच्या बिलांतून उभा राहतो. म्हणजे तुम्ही-आम्ही तो भरलेला आहे, आणि त्याचा हिशेब मागण्याचा आपल्याला हक्क आहे.

खात्यांच्या भिंतीही आहेतच. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतले उपचार मोफत झाले. औंधचं जिल्हा रुग्णालय त्या विभागाचं. ससून रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाचं, त्यामुळे त्या निर्णयात ते आलं नाही. शहर एक, सरकार एक. आणि मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या महिन्याच्या गोळ्या जन आरोग्य योजनेत बसत नाहीत, कारण ती मुळात दाखल रुग्णासाठी आहे. घर हळूहळू कर्जात जातं ते याच गोळ्यांनी. तो पैसा पालिकेच्या दवाखान्यांत जायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

केंद्राने आपला वाटा नव्या गणनेवर मोजावा आणि राज्याने रुग्णालयनिहाय किती दावे चुकते केले, किती थकले हे दर तिमाहीला जाहीर करावं, या दोन मागण्या आपल्या आमदार-खासदारांसमोर ठेवा. तोवर एक काम आजच करता येईल. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई, सोसायटीचे वॉचमनकाका, भाजीवाल्या मावशी यांच्या रेशनकार्डावर घरातल्या सगळ्यांची नावं आहेत का, आधारशी जोडली आहेत का, तहसीलदारांचा उत्पन्नाचा चालू दाखला आहे का, ते विचारा. नसेल तर त्यांच्याबरोबर जाऊन काढून द्या. आजारपण आल्यावर हे कागद जमवायला वेळ मिळत नाही.