रनाळ्याहून तापीकांठीं : पाठीन मत्स्य आणि त्याचा गळ

सुरतेहून भुसावळाकडे जाणारी आगगाडी नंदुरबार मागें टाकून दोंडाईच्याकडे निघाली, म्हणजे मध्यंतरीं रनाळें हें स्थानक लागतें. ताप्ती व्हॅली रेल्वे या नांवानें हा लोहमार्ग सन १९०० च्या सुमारास चालू झाला. पुढें तो पश्चिम रेल्वेंत सामील झाला. तेव्हां रनाळें अखंड खानदेश जिल्ह्यांत होतें. सन १९०६ मध्यें खानदेशाचे दोन भाग झाले तेव्हां तें पश्चिम खानदेशांत गेलें, त्यानंतर धुळें जिल्ह्यांत, आणि १ जुलै १९९८ पासून तें नंदुरबार जिल्ह्यांत आहे. गांव आपल्या जागीं स्थिर राहिलें. जिल्हे मात्र त्याच्यावरून येत-जात राहिले! भोंवतालीं काळी जमीन, तींत कापूस, ज्वारी आणि मिरची; लोकांच्या तोंडीं गोड अहिराणी; उत्तरेस कांहीं कोसांवर तापी, आणि तापीच्या पलीकडे सातपुडा.

या बाजूनें तापीवर जाणारा प्रवासी बहुधा दोन स्थानांच्या ओढीनें जातो. एक सारंगखेडें, जेथें दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांचा प्रसिद्ध बाजार भरतो. आणि दुसरें प्रकाशें, जेथें गोमाई नदी तापीस मिळते व ज्यास भाविक लोक दक्षिणकाशी म्हणतात. या दोन्ही क्षेत्रांचीं वर्णनें आजवर पुष्कळ झालीं आहेत. त्याच पाण्याच्या तळाशीं राहणाऱ्या, अंगावर खवला नसलेल्या परंतु तोंडाला लांब मिशा असलेल्या मत्स्यजातीकडे मात्र आपलें लक्ष क्वचितच जातें. तो मासा, आणि त्याच्यासाठीं गळ, दोरी व आमिष कसें निवडावें याचें शास्त्र, हा या लेखाचा विषय होय.

आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं मासा उंबऱ्याच्या आंत येत नाहीं, हें मला ठाऊक आहे. परंतु मासेमारी आपल्या घरांत येत नाहीं असें मात्र कोणीं म्हणूं नये. आपण रोज म्हणतों, अमक्यानें तमक्यास आमिष दाखविलें, तमका गळाला लागला. आणि ज्या भोजनाला आपण निरामिष म्हणतों, त्या शब्दाच्या पोटांतही आमिष आहेच. जो विषय भाषेंत इतका मुरला आहे, त्याची नीट ओळख करून घेण्यास हरकत कसली?

शिवाय हा मासा कांहीं परका नव्हे. संस्कृतांत ज्यास पाठीन म्हणतात, तो आजच्या प्राणिशास्त्रांतील वल्लागो अट्टू होय, असें विद्वान् मानितात. हिंदी मुलुखांत त्यास अजून पढिन म्हणतात. महाराष्ट्रांत त्याचें प्रसिद्ध नांव शिवडा. अमरकोशांत पाठीनास ‘सहस्रदंष्ट्र’ असें दुसरें नांव दिलें आहे, आणि शिवड्याचा जबडा उघडून पाहिल्यास तें किती यथार्थ आहे हें तात्काळ पटतें. कारण आंत बारीक, आंत वळलेल्या दांतांच्या दाट पट्ट्याच असतात. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत तर हव्यकव्यासाठीं चालणाऱ्या माशांत पाठीन आणि रोहित हे दोन नांवानिशीं सांगितले आहेत. तुलसीदासांच्या रामचरितमानसांत निषादराज गुह भरताच्या भेटीस निघतो, तेव्हां कहार लोक मोठमोठे पाठीन मासे कावडींनीं वाहून आणतात. महाराष्ट्रांतील भोई हे असेच. एकेकाळीं पालखी खांद्यावर आणि जाळें हातांत. तापीकांठीं आजही मासेमारीचें काम मुख्यतः भोई, कोळी आणि भिल्ल यांच्याकडेच आहे.

मिशाळ माशांचा दुसरा मानकरी म्हणजे शिंगाळा. त्याच्या पाठीवरील व छातीवरील परांना करवतीसारखे दांते असलेले कांटे असतात. याच्या नांवाची कथा ऐकण्यासारखी आहे. कर्नल साइक्स या नांवाचा एक इंग्रज अधिकारी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत मुंबई सरकारच्या वतीनें दक्षिणेंत माहिती गोळा करीत फिरला. त्यानें दक्षिणेंतील माशांचें शास्त्रीय वर्णन सन १८३९ मध्यें प्रसिद्ध केलें, आणि नव्या जातींना लॅटिन नांवें देतांना पुष्कळ ठिकाणीं इकडच्या लोकांच्या तोंडचे शब्दच उचलले. त्यामुळें साऱ्या जगांतील प्राणिशास्त्रज्ञ आजही या माशाला ‘सीनघाला’ म्हणतात. कोणा अनामिक मराठी मासेमाराचा शब्द असा जगाच्या ग्रंथांत अमर होऊन बसला आहे!

तिसरे मागुर आणि शिंगी. हे डबक्यांचे, चिखलाचे आणि भातखाचरांचे रहिवासी. पाण्यांतील प्राणवायु संपला तरी वर येऊन हवा घेण्याची सोय निसर्गानें त्यांस दिली आहे. म्हणून जेथें इतर मासे तडफडतात, तेथें हे सुखानें नांदतात. शिंगीच्या छातीजवळील कांट्यांत मात्र विष असतें. तो बोचल्यास असह्य वेदना होतात. अशा वेळीं सोसवेल इतक्या ऊन पाण्यांत हात बुडवून ठेवावा आणि मग वैद्य गांठावा.

आतां गळाकडे वळूं. गळ निवडण्यापूर्वीं मासा जग कसें ओळखतो हें समजलें पाहिजे. सारंगखेड्याकडील एका वृद्ध भोयास मी विचारलें, “बाबा, रात्रीच्या काळोखांत एवढ्या गढूळ पाण्यांत त्याला आमिष दिसतें तरी कसें?” तो हंसून म्हणाला, “मासाले डोया कमी अन् नाक जास्ती शे, भाऊ. आपला हातना वास बी त्याले समजस.” या एका वाक्यांत प्राणिशास्त्राचा अर्धा धडा आला. मिशाळ माशांच्या केवळ जिभेवरच नव्हे, तर मिशांवर आणि साऱ्या अंगाच्या कातडीवर चवीचे सूक्ष्म अवयव पसरलेले असतात. जणूं सारा देहच जिव्हा! कानही तसेच तीक्ष्ण. पोटांतील वाताशयापासून कानापर्यंत लहान लहान हाडांची एक सांखळी असते. तिच्यामुळें पाण्यांतील बारीक कंपही त्यांस कळतो. म्हणूनच जाणते लोक हाताला साबणाचा किंवा तंबाखूचा वास असतां आमिषास शिवत नाहींत, आणि कांठावर पाय आपटीत चालत नाहींत.

यावरून साहित्याची निवड आपोआप ठरते. शिवडा हा शिकारी. दिवसा तो डोहांत किंवा कपारींत पडून असतो, आणि तिन्हीसांजेस लहान माशांच्या मागें उथळाकडे येतो. त्यासाठीं आमिष तळाशीं न ठेवतां पाण्याच्या मध्यावर झुलत ठेवावें लागतें. म्हणून दोरीला तरंगता बोया बांधावा, मोठा व मजबूत गळ घ्यावा, आणि गळ व दोरी यांच्यामध्यें वीतभर बारीक तार घालावी. ही तार नसेल, तर ते सहस्र दांत दोरी घांसून तोडतात. याला आमिष म्हणजे लहान मासा, शक्य तर हालता.

शिंगाळा हा तळाचा. त्याचें तोंड किंचित् खालच्या अंगास असतें आणि मिशांनीं तळ चाचपीत तो पुढें सरकतो. येथें बोयाचा उपयोग नाहीं, शिसें हवें. तें शिसें मात्र दोरीला घट्ट बांधूं नये. मधोमध भोंक असलेलें शिसें दोरींत ओंवून मोकळें ठेवावें, आणि त्याच्या खालीं गांठ किंवा भिंगरी अडवावी. मग मासा आमिष घेऊन निघाला, तर दोरी शिशांतून सरकते, शिसें जागीं राहतें, आणि माशाला ओझ्याची शंका येत नाहीं. आमिष ताजें झिंगें, माशाचा तुकडा किंवा गांडुळांचा झुबका. मागुर-शिंगींसाठीं लहान गळ, बारीक दोरी, नांवाला शिसें, आणि एक गांडूळ पुरे. वासाचा मोह त्यांना अधिक. म्हणून कोणी कोंबडीचें आंतडेंही लावितात.

गळांच्या क्रमांकांची एक गंमत येथेंच सांगून टाकतों. दुकानांत एकपासून पुढें आंकडा वाढेल तसा गळ लहान होत जातो. परंतु एक-शून्य, दोन-शून्य, पांच-शून्य असे शून्य जोडलेले क्रमांक आले, कीं आंकड्याबरोबर गळही मोठा होत जातो. नवख्या माणसानें आंकडा न पाहतां आमिष हातांत घेऊन त्याच्याशीं गळ ताडून पाहावा. आमिष लावल्यावरही गळाचें टोंक उघडें राहिलें पाहिजे. अलीकडे जवळजवळ गोल, टोंक आंत वळलेला असा एक गळ मिळूं लागला आहे. त्याला झटका द्यावयाचा नसतो. मासा दूर जाऊं लागला कीं तो आपोआप जबड्याच्या कोपऱ्यांत अडकतो, पोटांत जात नाहीं. तेव्हां लहान मासा लागल्यास तो सोडून देतां येतो, आणि तो जगतोही.

ही सारी विद्या पाश्चात्त्यांकडून आली असें कोणास वाटेल. तें खरें नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें सन ११२९ च्या सुमारास मानसोल्लास नांवाचा शंभर अध्यायांचा संस्कृत ग्रंथ रचिला. त्यांतील राजाच्या करमणुकींच्या भागांत ‘मत्स्यविनोद’ म्हणून एक प्रकरण आहे. त्यांत काठी, दोरी, गळ, बोया आणि आमिष यांचा विचार आहे. माशांचे खवल्यांचे आणि कातड्याचे असे भेद केले आहेत. आणि माशांना आधीं एका जागीं खाऊं घालून तेथें येण्याची सवय लावावी, असेंही सांगितलें आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेंत हा ग्रंथ श्रीगोंदेकरांनीं संपादिला, आणि प्रसिद्ध मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनीं सन १९५१ मध्यें या प्रकरणावर स्वतंत्र निबंध लिहिला. आठ-नऊशें वर्षांपूर्वींचा राजा आणि आजचा तापीकांठचा भोई हे एकाच शाळेंतले विद्यार्थी आहेत.

आतां ज्या गोष्टीसाठीं हा सारा विस्तार केला, ती सांगतों. गळ हें साधन निवड करणारें आहे. मोठा गळ घेतला तर लहान मासा त्यावर फारसा लागत नाहीं. आमिष बदललें तर मासाही बदलतो. आणि चुकून लागलेला परत सोडतां येतो. बारीक आसाचें जाळें हा विवेक करीत नाहीं. आणि सुरुंगाची दारू व विष हीं तर अंडीं, पिल्लें, झिंगीं आणि मासे यांचा एकदमच संहार करितात. सन १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमानें दारू व विष घालून मासे मारण्यास तेव्हांपासूनच मनाई केली आहे. तरी ही वाईट रीत देशांतून सर्वस्वीं गेली आहे असें म्हणवत नाहीं. शिवडा आज जागतिक निसर्ग-संरक्षण संघाच्या यादींत संकटोन्मुख जातींमध्यें आहे, आणि देशी मागुर त्याहूनही बिकट स्थितींत आहे. सारंगखेड्यास आणि प्रकाश्यास तापी आतां बांधांनीं अडविली आहे. खालीं गुजरातेंत सन १९७२ पासून उकाईचें धरण आहे. वाहतें पाणी साचतें झालें, म्हणजे माशांचीं घरें बदलतात. शिवाय आफ्रिकेंतून आलेला खादाड मागुर, ज्याच्या पालनास आपल्या देशांत बंदी आहे, तो तळ्यांतून निसटून जेथें नद्यांत शिरतो, तेथें देशी माशांच्या जिवावर उठतो.

आणि काळाचीही निवड आहेच. पहिल्या पावसाचें गढूळ पाणी आलें, कीं शिवड्याची मादी अंडीं घालण्यासाठीं नव्यानें भरलेल्या उथळांत येते. त्या वेळीं ती अनायासें सांपडते, आणि नेमकें त्याच वेळीं तिला धरणें म्हणजे पुढल्या वर्षांचें बियाणें भाजून खाणें होय. सम्राट् अशोकानें राज्याभिषेकास सव्वीस वर्षें झाल्यावर कोरविलेल्या पांचव्या स्तंभलेखांत कांहीं ठराविक तिथींस मासे मारण्यास व विकण्यास मनाई केली आहे, आणि त्यांत चातुर्मास्याच्या पौर्णिमा मुद्दाम सांगितल्या आहेत. आपल्या घरांतून चातुर्मासाचे नेम अजून पाळले जातात. मासे खाणाऱ्या घरांनींही, कोंकणांतील आपल्या सारस्वत बंधूंनींही, आषाढ-श्रावणांत नदीच्या अंडींभरल्या माशाचा नेम धरिला, तर तो नेम केवळ परलोकाच्याच नव्हे, तर नदीच्याही उपयोगीं पडेल.

ज्यांना मासा वर्ज्य आहे त्यांनींही या विषयाकडे पाठ फिरवूं नये. नदीकांठीं गेल्यावर देवदर्शन झालें, कीं घाटावर दोरी सोडून बसलेल्या माणसाजवळ घटकाभर बसावें. मुलांना त्याच्या हातांतील गळ, शिसें आणि बोया दाखवावा. कोणत्या माशाला काय रुचतें, आणि तो केव्हां धरूं नये, हें त्याच्याच तोंडून ऐकावें. पाठीन हा शब्द अमरकोशांत सुरक्षित आहे, आणि शिंगाळा लॅटिन ग्रंथांत. परंतु ते दोघे तापींत राहावयाचे असतील, तर या माणसाची विद्या आणि त्याचा संयम हीं दोन्ही टिकलीं पाहिजेत.