किल्ल्यांचा जुडगा

औंधची श्रीयमाई ही आमची कुलदेवता. वर्षांतून एकदां तिच्या दर्शनास जावें, खणानारळानें ओटी भरावी आणि दिवेलागणीच्या आंत घरीं परतावें, असा आमच्या घरचा परिपाठ आहे. यंदां मात्र देवीचा डोंगर उतरल्यावर आम्ही लगबगीनें परतलों नाहीं. तेथील संग्रहालय पाहिलें, गांवांतून पायीं हिंडलों, आणि येतांना मनांत एक टोचणी घेऊन आलों. ती वाचकांपुढें मांडावी, एवढाच या लेखाचा हेतु.

औंध हें सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यांतील लहानसें गांव. एके काळीं ही एका संस्थानाची राजधानी होती, हें नवख्या माणसास आतां सांगावें लागतें. किन्हईचे परशुराम त्र्यंबक यांस मराठी राज्यांत प्रतिनिधिपद मिळालें आणि त्यांच्या वंशजांकडे हें संस्थान चालत आलें. संस्थान तरी केवढें? अवघीं ७२ गांवें आणि सुमारें पाऊण लाख वस्ती. तेंही सलग नव्हे. औंध, आटपाडी, कुंडल हे तालुके एकमेकांपासून तुटक, आणि गुणदाळ तर दूर विजापूरच्या बाजूस.

श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि १९०९ मध्यें या गादीवर आले. ते स्वतः चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्कारांचे कट्टे पुरस्कर्ते. लक्ष्मणराव किर्लोस्करांस कारखान्यासाठीं जागा हवी होती, तेव्हां कुंडलजवळचें माळरान त्यांनींच दिलें, आणि १९१० मध्यें त्या निवडुंगाच्या रानांत किर्लोस्करवाडी उभी राहिली. पंडित सातवळेकरांचें स्वाध्यायमंडळ अनेक वर्षें औंधास होतें. गायनाचार्य अंतुबुवा जोशी येथले दरबारगायक. त्यांनीं गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला संगीतोत्सव पुढेंही चालू राहिला. ग. दि. माडगूळकर येथल्याच शाळेंत शिकले. १९३८ मध्यें बांधलेल्या संग्रहालयांत रविवर्म्याचीं चित्रें आहेत, आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराची एक मातृमूर्तीही आहे. एवढ्याशा गांवांत एवढें वैभव पाहून पाहुणा थक्क होतो, आणि बहुधा येथेंच थांबतो. आम्हीही इतकीं वर्षें येथेंच थांबत होतों.

परंतु बाळासाहेबांची खरी थोरवी त्यांनीं जमविलेल्या वस्तूंत नसून त्यांनीं सोडलेल्या वस्तूंत आहे. १९३८ च्या नोव्हेंबरांत, वयाची सत्तरी गांठलेल्या या राजानें आपला राज्याधिकार प्रजेच्या स्वाधीन करण्याचें जाहीर केलें. त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब आणि भारतानंद या नांवानें ओळखले जाणारे पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रीडमन, हे दोघे गांधीजींचा सल्ला घेण्यास गेले, आणि २१ जानेवारी १९३९ रोजीं नवी राज्यघटना अंमलांत आली. गांवानें आपली पंचायत निवडावी, गांवच्या पंचायतींतून तालुक्याची पंचायत व्हावी, आणि तालुक्यांतून विधिमंडळावर सभासद जावे, अशी तिची रचना. राज्य वरून खालीं उतरावयाचें नाहीं, तर खालून वर चढावयाचें!

मत देणाऱ्यास लिहितांवाचतां यावें, असा गांधीजींचा आग्रह होता. प्रथम आम्हांस ही अट जाचक वाटली. विचार करतां तिचें मर्म ध्यानीं आलें. अधिकार देणाऱ्यानें घेणाऱ्यास तयारही केलें पाहिजे. नुसता जुडगा अंगावर फेंकून मोकळें होणें हें दान नव्हे. कोणती किल्ली कोणत्या कुलपाची, हें शेजारीं बसून सांगावें लागतें.

याहून नवलाची गोष्ट आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरची. १९३९ मध्यें तेथें भिंतीवांचून एक तुरुंग वसविण्यांत आला. खुनासारख्या गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी तेथें राहात, शेत कसीत, आणि त्यांच्यावर पहारा होता तो मुख्यतः त्यांनींच दिलेल्या शब्दाचा. पुढें १९५७ मध्यें व्ही. शांताराम यांनीं ‘दो आँखें बारह हाथ’ हा बोलपट काढला, त्याचें बीज या वसाहतींतलेंच.

कोणी म्हणेल, या सर्वांतून निष्पन्न काय झालें? ८ मार्च १९४८ रोजीं संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें आणि नऊ वर्षांचा तो प्रयोग संपला. राजधानी गेली, कचेऱ्या गेल्या, गांव पुन्हां गांव झालें. हें खरें आहे. स्वतंत्र देशांत लहान लहान संस्थानांस निराळी चूल मांडून राहतां आलें नसतें, आणि राहावें असेंही आम्हांस वाटत नाहीं. परंतु इतर अनेक संस्थानिकांच्या हातून सत्ता सुटली ती काळानें मनगट धरल्यावर. औंधच्या राजानें ती मूठ आपण होऊन अगोदरच उघडली होती. १९५१ मध्यें बाळासाहेब वारले. जें आधींच देऊन टाकलें, तें त्यांच्यापासून कोण हिरावून घेणार होतें?

आतां त्या टोचणीकडे वळतों. आमचे तीर्थरूप अखेरपर्यंत तिजोरीच्या किल्ल्या जानव्यास बांधून ठेवीत. मोठे करारी आणि निःस्पृह गृहस्थ. एका पैचाही अपहार त्यांच्या हातून झाला नाहीं. परंतु ते गेल्यावर शेतसाऱ्याच्या पावत्या कोठें, कुळाशीं बोलणें काय झालेलें, भावकीच्या विहिरींत आपला हिस्सा किती, यांतील कांहींच आम्हां तिघां बंधूंस ठाऊक नव्हतें. पन्नाशीस आलेले आम्ही, तेराव्या दिवशीं माजघरांत पेटी उघडून परक्याच्या घरांत शिरल्यासारखे बसलों होतों. त्या अज्ञानापायीं पुढें जो बोलाचालीचा प्रसंग आला, त्याचा व्रण अद्याप पुरता भरलेला नाहीं. दोष त्यांचा एकट्याचा नव्हता. त्यांस देण्याचा संकोच, आम्हांस मागण्याचा.

आणि इतकें भोगूनही आम्ही काय केलें? जानव्याच्या जागीं कपाटाचा चोरकप्पा आला, एवढाच फरक. आमचा पुतण्या पदवीधर आहे, बाहेर मोठ्या जबाबदारीचें काम करतो. परंतु घरचा जमाखर्च आम्ही त्याच्या हातीं दिला नव्हता. धाकट्या वहिनी तीस वर्षें सगळ्यांचें दुखलेंखुपलें पाहात आल्या. त्यांस विचारून आम्ही कधीं एक व्यवहार केला नव्हता. औंधच्या राजानें शिक्षा झालेल्या कैद्यांवर विश्वास टाकला, आणि आम्ही पोटच्यासारख्या वाढविलेल्या मुलावर टाकीत नव्हतों! गांवपंचायतीच्या कारभारावर ओटीवर बसून टीका करण्यास मात्र आम्ही सदैव तयार. ज्या घरांत कोणास कारभाराची संवयच लागत नाहीं, त्या घरांतून गांवास कारभारी कोठून मिळावा?

औंधाहून परतल्यावर दुसऱ्याच दिवशीं सर्वांस एकत्र बसविलें, दप्तर उघडलें, आणि वहिनींच्या समक्ष जुडगा पुतण्याच्या हातीं दिला. पुढील तीन रविवार त्याच्याजवळ बसून एकेक कागद समजावून सांगितला. पहिल्याच महिन्यांत त्यानें विजेच्या बिलाची मुदत चुकविली आणि घरास दंड पडला. जुडगा परत मागून घ्यावा, असें आमच्या अगदीं ओठांवर आलें होतें. तेवढ्यांत वहिनींनीं आमच्याकडे पाहिलें, आणि आम्ही मुकाट्यानें पंचांग चाळीत बसलों.

पौषांत पुन्हां औंधास जाऊं. ओटीचें सामान आणि प्रवासखर्च यांचा हिशेब या खेपेस तोच पाहणार आहे.