पंचनाम्यातली रानकोंबडी

‘पक्ष्यांच्या नावांवर लिहा, पण शास्त्रीय नावं नकोत, वाचक पान उलटतात,’ असं संपादकांनी बजावलंय. प्रयत्न करतो.

शिकारीच्या एका खटल्यात माझ्याकडे चार पाय आणि मूठभर पिसं तपासायला आली होती. पंचनाम्यात नोंद होती, ‘रानकोंबडी, नग दोन’. पाय पाहिले आणि पंचाईत झाली. प्रत्येक पायाला मागच्या बाजूनं दोन-दोन टोकदार नख्या. आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याला एका पायाला एकच नखी असते. त्याच्या मादीची छाती पांढरी, प्रत्येक पिसाला काळी कड. इथली पिसं विटकरी. ही चकोत्री होती. कुणी सकोत्री म्हणतं, कुणी कोकेत्री. मी अहवालात तसं लिहिलं.

दोष एकट्या पंचांचा नाही. झुडपातून कोंबडीएवढं काही फडफडलं की आपण त्याला रानकोंबडी म्हणून मोकळे होतो. शास्त्रज्ञांनी तरी काय वेगळं केलं? चकोत्रीच्या प्रजातीचं नाव ‘गॅलोपर्डिक्स’, म्हणजे सरळ कोंबडा अधिक तितर. (आलंच शास्त्रीय नाव!) सोनेरा या फ्रेंच प्रवाशानं तिला ‘मादागास्करचा तांबडा तितर’ म्हटलं आणि त्याच्या वर्णनावरून ग्मेलिननं १७८९ साली तिचं बारसं केलं. पक्षी अस्सल भारतीय, मादागास्करला माणसांनी नेलेला. गंमत म्हणजे याच सोनेराचं नाव १८१३ साली आपल्या राखी रानकोंबड्याला मिळालं.

व्याख्यानात चकोत्री म्हटलं की हमखास प्रश्न येतो, ‘चांदणं पिणारा तोच ना?’ नाही हो! चांदणं पितो तो चकोर. तो हिमालयाच्या उघड्या, खडकाळ उतारांवरचा. सह्याद्रीत तो नाहीच. चकोत्री दाट झाडोऱ्यातली, पाचोळा उकरून दाणे-किडे टिपणारी. नावं कानाला सारखी लागतात म्हणून पक्षी सोयरे होत नाहीत. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात चकोराची ‘तलगे’ चांदण्यातले अमृतकण वेचतात. तलगे म्हणजे पिल्लं. खेड्यात अजून अंड्यावर न आलेल्या कोंबडीला तलंग म्हणतात. हिमालयातल्या पक्ष्याच्या पिल्लांना मराठीनं खुराड्याजवळचा शब्द दिला, हे मला चांदणं पिण्याहून नवलाचं वाटतं. पण हे सांगेपर्यंत सभागृहात चहाचे कप वाजू लागतात.

कोर्टात कप नव्हते, वकील होते. ‘रानात गेलेली कोंबडी म्हणजेच रानकोंबडी ना?’ मी नख्यांपासून सुरुवात केली. न्यायाधीशांनी घड्याळ पाहिलं. वकिलांनी अहवाल उचलला, ‘जप्त केली रानकोंबडी, तपासली चकोत्री. मधे पक्षी बदलला की पाकीट?’ दोन्हींची शिकार १९७२च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हाच, हे मी सांगितलं. पण तोवर प्रश्न पक्ष्याचा उरलाच नव्हता. पंचनामा आणि अहवाल जुळत नव्हते. आरोपी संशयाचा फायदा घेऊन सुटला.

जिन्यात तो भेटला. हात जोडून, हळू आवाजात म्हणाला, ‘सायेब, तुमचंच बरोबर. कोकेत्रीच होती ती. त्यास्नी वळकू आली न्हाई.’

कोर्टाच्या त्या खोलीत पक्ष्याचं खरं नाव ठाऊक असलेली माणसं दोनच होती. एकानं ते पुस्तकांतून आणि पेटीतल्या कातड्यांवरून शिकलेलं. दुसऱ्यानं फासे लावता लावता. त्याचं शिक्षण माझ्याहून पक्कं, हे कबूल करायला जड जातं. अहवालात ‘रानकोंबडी’ लिहिलं असतं तर तो कदाचित सुटला नसता. पुन्हा पाय समोर आले तर मी चकोत्रीच लिहीन. फक्त आता वनरक्षकांच्या प्रशिक्षणाला बोलावलं की चकोर, ज्ञानेश्वरी सगळं गुंडाळून ठेवतो आणि आधी त्यांना पायामागच्या नख्या मोजायला लावतो.