द्विवचन

संस्कृताचीं चार अक्षरें पदरीं असल्यामुळें धारणीच्या शाळेंत रुजू होतांना मनांत थोडा ताठा होता, हें कबूल केलें पाहिजे. मेळघाटांतील हें गांव भाषांचा बाजारच. दुकानांत हिंदी, कचेरींत मराठी, गवळ्यांची बोली निराळी, आणि माझ्या वर्गांतील निम्म्या मुलांच्या ओठीं कोरकू.

एके दिवशीं विचारलें, “वचनें किती?” मागील बाकावरील एक कोरकू मुलगा म्हणाला, “तीन, गुरुजी.” दोन शिकविलीं असतां तीन! मीं त्यास बाकावर उभें केलें, वर्ग हंसला. वर्षभर तो पुन्हां आपण होऊन बोलला नाहीं.

कित्येक वर्षांनीं कोरकू शिपायाशीं बोलतां बोलतां उलगडा झाला. ‘कोरकू’ हा शब्दच मुळांत अनेकवचनी, अर्थ ‘माणसें’; आणि दोघांसाठीं रूप वेगळें. म्हणजे द्विवचन! मराठीनें जें केव्हांच टाकलें, जें शिकवितांना आम्ही शास्त्री मंडळी छाती पुढें काढतों, तें त्या पोराची आई चुलीपाशीं रोज बोलत होती. आणि ही भाषा कांहीं संस्कृताची लेक नव्हे. तिचें गोत मुंडारी-संथाळीशीं.

घरीं सांगितलें, तों सौभाग्यवती म्हणाली, “मग त्यालाच सांगा कीं!”

पुढें होळीनंतर रस्त्यावर फगवा मागणाऱ्या नाचत्या मंडळींत तो दिसला. म्हटलें, “बाबा, तुझें उत्तर बरोबर होतें.” कोणतें उत्तर, तें त्यास आठवेना. बाकावर उभें केलेलें मात्र आठवत होतें.