बाबेलची गच्ची

बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर एके दिवशी राजवाड्याच्या गच्चीवर फेऱ्या मारत होता. हे थोर नगर आपणच आपल्या बळावर उभे केले, असे तो म्हणाला आणि शब्द तोंडात असतानाच त्याचे राज्य गेले. मग तो बैलासारखा गवत खाऊ लागला. केस गरुडाच्या पिसांसारखे वाढले. बायबलातील दानीएलाच्या पुस्तकाचा हा चौथा अध्याय आम्ही प्रथम वाचला तेव्हा तो आम्हांस फार आवडला. खरे सांगायचे तर त्या वेळी आमच्या डोळ्यांसमोर राजा नव्हताच. शेजारचे नाना होते.

सटाण्याच्या परिसरात डाळिंबाने अनेकांची घरे उभी केली. नानांची बाग आमच्याहून जुनी. भगव्याचे भाव चढले तसा नानांचा आवाजही चढला, असे आम्हांस वाटे. २००७ च्या मृग बहारात त्यांच्या बागेत तेल्या शिरला. पानांवर तेलकट काळे डाग, मग फळांवर, मग फळे तडकू लागली. आम्ही बांधावर उभे राहून हळहळलो खरे. घरी येऊन मात्र 'देवाच्या दारी न्याय असतो' असे बोलून गेलो. आमची बाग निरोगी होती, आणि ती आमच्याच गुणांमुळे, याविषयी आम्हांस तिळमात्र शंका नव्हती.

पुढच्या पावसाळ्यात तेल्या आमच्याकडे आला. रोग जिवाणूचा, पावसाच्या शिंतोड्यांनी, रोगट रोपांतून, छाटणीच्या कात्रीतून पसरणारा. दोन्ही बागांना छाटणीची टोळी एकच होती. जिवाणूला गर्व ओळखता येत नाही.

त्या हिवाळ्यात तो अध्याय पुन्हा काढला. पहिल्या वाचनात बरेच काही ओलांडून गेलो होतो. राजाला स्वप्नात आधी इशारा मिळतो. दानीएल त्याला उपायही सांगतो, आणि तो होमहवनाचा नाही: नीतीने वाग, दीनांवर दया कर. त्यानंतर शिक्षा लगेच येत नाही. मध्ये बारा महिने जातात. घाई देवाला नव्हती, आम्हांला होती. आणि शेवटी राजाची बुद्धी ठिकाणावर येते, गेलेले राज्यही परत मिळते. हा शेवट तर आमच्या स्मरणातच राहिला नव्हता.

मार्गशीर्ष वद्य एकादशीला गावात देव मामलेदारांची यात्रा भरली. यशवंत महादेव भोसेकर इथले मामलेदार. १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना भुकेल्यांना वाटला. पुढे तपासणीत तिजोरी भरलेली निघाली, असे भाविक सांगतात. लहानपणापासून आम्हांला तो चमत्कारच काय तो भावला होता. या खेपेस दर्शनाच्या रांगेत मन अडले ते किल्ली फिरवण्याच्या क्षणापाशी. तिजोरी पुन्हा भरेल हे त्या माणसाला तेव्हा कुठे ठाऊक होते?

घरी परतलो तो नाना कुऱ्हाड घेऊन बांधावर उभे. आम्ही झाडे काढायला घेतल्याचे त्यांच्या कानी गेले होते.

"दादा, रोगट फांद्या बांधावर रचू नका," ते म्हणाले. "लगेच जाळा. माझे त्यातच गेले."

ही सूचना एका माहितीपुस्तिकेत आम्ही आदल्या वर्षीच वाचली होती. नानांना सांगितली नव्हती.